आबांची हिरवी गाडी आणि इंदापूरची शर्यत

आबा, म्हणजे माझे वडील, पुण्याला गेले होते ते विहिरीवर बसवायचं ऑइल इंजिन बघायला. परत आले ते दोन माणसांची, बिनटपाची, बुटकी हिरवी मोटार घेऊन. कॅम्पातला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्यानं ती विकायला काढली होती. आईनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात ऊस कुठं घालायचा?"

आबा बॉनेट पुसत राहिले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कोऱ्हाळ्यात बागायत, अंगावर धोतर-सदरा, डोक्याला तांबडा पटका. पण त्या गाडीत बसले की त्यांचे डोळे लकाकायचे. पाटाच्या कडेच्या रस्त्यानं ते ती अशी पळवायचे, की पाणी धरणारी माणसं फावडं टेकून बघत राहायची. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होते, एकोणीस वर्षांची. सुट्टीत घरी आले की त्याच रस्त्यावर आबांनी मला गाडी शिकवली. शिकवणं म्हणजे काय, शेजारी बसून "आता सोड", "आता धर" एवढंच. सोड म्हणजे वेग आणि धर म्हणजे ब्रेक.

पुण्यात हौशी मोटारवाल्यांचा एक क्लब होता. त्यांनी इंदापूरच्या रस्त्यावर शर्यत ठरवल्याची जाहिरात मीच वाचली. लासुर्ण्याच्या पुढचा चार मैलांचा मुरमाचा रस्ता सकाळपुरता बंद राहणार होता. एकेका गाडीनं एकटीनं पळायचं, तीन-तीन मिनिटांच्या अंतरानं. प्रत्येकीला दोन फेऱ्या, आणि त्यातली चांगली वेळ धरायची. अर्ज इंग्रजीत होता, म्हणून तो मी भरला. चालकांसाठी दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत आबांचं नाव लिहिलं आणि दुसरी ओळ रिकामी बरी दिसेना म्हणून तिथं माझं लिहिलं. आबांना सांगितलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही उजाडताच तिथं पोचलो. अकरा गाड्या आल्या होत्या. मालक बहुतेक पुण्याचे, चामड्याच्या टोप्या आणि काळे चष्मे घातलेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंचक्रोशी लोटली होती. आबांचा पटका बघून दोघेतिघे हसले. आमच्या मागचा नंबर एका तरुण डॉक्टरचा होता. तो मात्र जवळ आला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "इंजिन छान वाजतंय, आबा." आबा एवढ्यावर खूश.

झेंडा पडला आणि आम्ही सुटलो. पहिला मैल सरळ होता. वारा तोंडावर असा आदळत होता, की मला श्वास घेता येईना आणि हसू मात्र आवरत नव्हतं. पुढं एक आंधळं वळण होतं आणि वळणाच्या पलीकडं ओढ्यावरची फरशी, बिनकठड्याचा ठेंगणा पूल. वळलो आणि समोर बघितलं तर फरशीवर पाणी. वरच्या अंगाला कुणाच्या तरी शेतातला पाट नुकताच फुटला असावा, कारण आमच्या आधीच्या गाड्या कोरड्या फरशीवरून गेल्या होत्या. आबांनी ब्रेक मारला. गाडी आडवी झाली, घसरत पलीकडं गेली आणि चिखलात थांबली.

मला वाटलं, आता आबा गिअर टाकतील. त्यांनी दार उघडलं.

"आबा, आपली वेळ चाललीय."

"जाऊ दे. मागनं डॉक्टर येतोय. वळणापसनं त्याला काय दिसायचं न्हाय. तू गाडी बाजूला घे."

एवढं बोलून ते धोतर वर खोचून पाण्यातून वळणाकडे पळाले. पळता पळता पटका सोडत होते. मी सरकून आबांच्या जागी बसले, गाडी कशीबशी रस्त्याच्या खाली उतरवली आणि मागं वळून बघितलं. आबा फरशीच्या कडेला खड्ड्यात पाय जाऊन पडले होते. उठले, लंगडत वळणावर पोचले आणि हात उंच करून तो सगळा तांबडा पटका हलवू लागले. डॉक्टरची गाडी कानात शिरावा असा आवाज करत आली. चाकं कर्रकन घासली, मुरूम उडाला, आणि गाडी आबांच्या पुढ्यात दोन हातांवर थांबली.

डॉक्टर खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं आधी पाणी बघितलं, मग आबांचा पाय. "मुरगळलाय," तो म्हणाला, आणि पट्टी नव्हती म्हणून त्याच पटक्यानं घोटा आवळून बांधला.

गावकऱ्यांनी तासाभरात पाट बांधला, फरशीवर मुरूम टाकला, वर उसाचं पाचट पसरलं. क्लबच्या पंचांनी आम्हाला सांगितलं की फेरी वाया गेली ती गेली, आता दुसरीवरच काय ते ठरेल. आणि आबांना तर क्लच दाबता येईना. घोटा वांग्याएवढा सुजला होता.

"तू चालव," आबा म्हणाले.

"मी?"

"कागदावर तुझं नाव हाय न्हवं? मला इंग्रजी येत न्हाय, पन तुझं नाव वळखतो की."

पंचांनी अर्ज काढला, माझ्याकडे बघितलं, परत अर्जाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "बाईनं चालवू नये असं नियमात कुठं लिहिलेलं नाही."

मी पदर कमरेला घट्ट खोचला. आबा शेजारी बसले आणि झेंडा पडला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. बाजूची माणसं, बैल, बाभळी सगळं एक होऊन मागं पळत होतं. आबा एका हातानं दार धरून ओरडत होते, "सोड. आजून सोड." काटा साठाच्या पुढं सरकला. वळण आलं. आबा म्हणाले, "धर," आणि मी धरला, पण त्यांच्या सांगण्यापेक्षा जरा उशिरा आणि जरा कमी. गाडीचं मागचं अंग झोकांडलं, मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, फरशीवरचं पाचट दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखं उडालं आणि आम्ही पलीकडं. आबा आता काहीच सांगत नव्हते. उरलेले तीनेक मैल मी माझ्याच मनानं पळवली. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल, आणि तो होत असताना कळतही होता.

निकाल लागला. डॉक्टर पहिला आणि आम्ही तिसरे. डॉक्टरनं सगळ्यांसमोर आबांचा हात धरून उंच केला. आबा संकोचले. मला म्हणाले, "वळणावर उशीर केलास."

"लवकर धरला असता तर पाचवे आलो असतो."

त्यावर बोटांवर हिशोब करून म्हणाले, "व्हय, खरं हाय."

परतताना गाडी मीच चालवत होते. बारामती जवळ आली. बाहेरच्या बाहेर जायचा रस्ता होता, पण आबा म्हणाले, "पेठेतनं घे. आनि हळू घे, लोकांस्नी दिसाय पायजे कोन चालवतंय."

मी पेठेतून घेतली. हळू मात्र घेतली नाही.