तीन गोल कमी सांगणारा स्ट्रायकर: व्हिटबी ते हॅलिफॅक्स

खेळाडू आपले गोल वाढवून सांगतात. मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे मला लहानपणापासून माहीत आहे. पेठेच्या तालमीकडून फुटबॉलचे दोन सीझन खेळलेला माणूस साठीला पोचेपर्यंत त्याचे गोल वयाबरोबर वाढतच राहतात आणि ऐकणारेही मान डोलावतात. म्हणून मुरादभाईंचं मला पहिल्यापासून नवल वाटायचं.

मुरादभाई कराचीच्या ल्यारी भागातले. पाकिस्तानच्या देशांतर्गत लीगमध्ये ते बरीच वर्षं स्ट्रायकर होते आणि काही सीझन सगळ्यांत जास्त गोल त्यांचेच होते. कुणा हौशी माणसाने त्यांचा एकूण आकडा इंटरनेटवर टाकलाय. पण स्वतः मुरादभाई विचारल्यावर त्यापेक्षा बरोबर तीन कमी सांगतात. वेबसाइट चुकली का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, “नहीं, वो भी ठीक है.” पुढे काही नाही.

आता ते इथे ऑन्टारिओत, आमच्या व्हिटबीत, ड्रायव्हिंग शिकवतात. माझ्या बायकोची, मेघनाची, टेस्ट त्यांनीच पास करून घेतली. आता आमच्या मुलीचे, सईचे, धडे चालू आहेत. रविवारी पार्कात आम्ही आठ-दहा जण बॉल लाथाडतो. मी गोलकीपर, कारण पळायची माझी इच्छा बायोडेटात लिहिण्यापुरतीच उरली आहे.

ऑगस्टमध्ये सईचा धडा संपवून ते आमच्या किचनमध्ये चहाला बसले होते. अचानक म्हणाले, “पाटील साहब, हॅलिफॅक्स चलोगे? गाड़ी से.”

मेघना म्हणाली, “गाडीने? दोन दिवस जातील नुसते. विमानाने जा की.”

“विमान में बैठ गया भाभी, तो पहुँच जाऊँगा,” मुरादभाई म्हणाले.

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं. लेबर डेची सुट्टी जोडून येत होती, पूर्व किनारा मी बघितला नव्हता, शिवाय गाडी चालवायला एक पट्टीचा ड्रायव्हर मिळत होता. हो म्हणून टाकलं.

व्हिटबी ते मॉन्ट्रियल

गुरुवारी सकाळी निघालो. मेघनाने दशम्या आणि कांदा-लसूण चटणी बांधून दिली होती. मुरादभाईंच्या मांडीवर स्कारबरोच्या दुकानातला मिठाईचा खोका होता. तो मागच्या सीटवर ठेवू का विचारलं, तर नाही. पायाशी? तेही नाही. मिठाई कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. एसीची झडप मात्र त्यांनी खोक्याकडे वळवली आणि मला उकाड्यात बसवलं.

हायवे चारशे एक हा कंटाळवाणा रस्ता आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. किंग्स्टनला पेट्रोल भरून घ्या आणि पाय मोकळे करा. ज्यांना हलाल लागतं त्यांनी घरून डबा न्यावा. मुरादभाईंनी चटणीला आधी तुच्छ लेखलं, मग तिसऱ्या घासाला रुमाल काढला आणि डबा संपेपर्यंत तो परत खिशात गेला नाही.

गाडी मी चालवत असलो की ते शिकवणीवरच असतात. “मिरर,” म्हणायचे. पाच मिनिटांनी पुन्हा “मिरर.” क्युबेकमध्ये पाट्या फ्रेंच झाल्या तरी हे चालूच. मॉन्ट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायला बंदी आहे, हे ऑन्टारिओतून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मी वळायच्या बेतात होतो आणि मुरादभाईंचा हात हँडब्रेकवर गेला होता.

मुक्काम माझी मावसबहीण वृंदा हिच्याकडे होता. ती विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिचं मराठी आता फ्रेंचमध्ये मुरलंय. “देपानरमधून दूध आणते, तोवर बसा,” म्हणाली. देपानर म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. जेवताना तिने मुरादभाईंना सहज विचारलं, “हॅलिफॅक्स में कौन है आपका?”

ते म्हणाले, “देखते हैं.”

मॉन्ट्रियल ते फ्रेडरिक्टन

हा पल्ला सगळ्यांत लांब आहे. रिव्हिएर-द्यु-लूपपर्यंत नदी डावीकडे सोबत करते, मग रस्ता जंगलात शिरतो. न्यू ब्रन्सविकच्या हद्दीत घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. पुढे मूस नावाच्या घोड्याएवढ्या हरणांसाठी पाट्या आणि कुंपणं आहेत, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. हार्टलँडचा लाकडी छपराचा लांबलचक पूल हायवेपासून जवळ आहे, वाट वाकडी करून जरूर बघा. आम्ही पुलाशेजारी बसून बटाट्याच्या फोडी खाल्ल्या. आजूबाजूला सगळी बटाट्याचीच शेतं.

तिथे मुरादभाई बोलले. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांच्याकडे क्लबांपेक्षा खात्यांच्या टीम मोठ्या. वीज खातं, रेल्वे, बँका. खेळाडूला खातं नोकरी देतं. मुरादभाई कागदोपत्री वीज खात्याचे लाइनमन होते आणि जन्मात कधी खांबावर चढले नाहीत. त्यांच्याबरोबर त्याच गल्लीतला युसूफ नावाचा विंगर त्याच खात्यात लागला. दोघंही कंत्राटी. युसूफ डावीकडून बॉल टाकायचा आणि मुरादभाई गोल करायचे. “मैं देखता भी नहीं था. भागता था, बस. गेंद आ जाती थी.”

मग एका बँकेने मुरादभाईंना कायमची नोकरी देऊ केली. पेन्शन होती, आईच्या औषधपाण्याची सोय होती. बँकेला विंगर नको होता. सही करायची आणि आठवड्याभरात नव्या टीमकडून उतरायचं. मुरादभाईंनी सही केली आणि युसूफला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मॅचचा दिवस उजाडला, आणि मॅच नेमकी वीज खात्याशीच. युसूफ ड्रेसिंग रूममध्ये त्यांची जागा धरून बसला होता. तो मैदानात आला तेव्हा त्याला समोरच्या रांगेत मुरादभाई दिसले, बँकेच्या जर्सीत.

“उस दिन तीन मारे मैंने,” मुरादभाई म्हणाले. “वो मैं नहीं गिनता.”

वीसेक वर्षं दोघं बोललेले नाहीत. पुढे खात्यांनी टीम बंद केल्या, बँकेचीही गेली. मुरादभाई आखातातून इथे आले आणि युसूफ आपल्या वाटेने हॅलिफॅक्सला, तो तिथे बस चालवतो. त्यांच्याकडच्या जुन्या खेळाडूंचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. युसूफने त्यावर लिहिलं होतं की लाँग वीकेंडला रविवारी मॅच आहे, यायचं त्याने यावं. मुरादभाईंनी अंगठा टाकला. त्यावर युसूफचं काही उत्तर नाही.

कोल्हापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पेठ सोडून समोरच्या तालमीकडून उतरलेल्या पोराशी सख्खा भाऊ पंगतीत शेजारी बसत नाही. मी मुरादभाईंना हे सांगितलं नाही. विमानाने का नको होतं, ते आता कळलं. गाडी कुठूनही वळवता येते.

फ्रेडरिक्टन ते हॅलिफॅक्स

सकाळी मोटेलच्या पार्किंगमध्ये मुरादभाई म्हणाले, “यहीं से वापस चलें?”

मी म्हटलं, “आजपासूनचं मोटेल डार्टमथमध्ये बुक झालंय, पैसे परत मिळत नाहीत.” हे खोटं होतं. त्यांनी खोका उचलला आणि गाडीत बसले.

नोव्हा स्कोशियाच्या सीमेवर पाणथळ मैदान आणि पवनचक्क्या लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेला रानटी ब्लूबेरी विकायला बसतात, त्या बारीक असतात पण आपल्या ग्रोसरीतल्यांपेक्षा गोड. राहायला डार्टमथ स्वस्त पडतं आणि फेरीबोटीने खाडी ओलांडून हॅलिफॅक्सला जाता येतं. बसचंच तिकीट फेरीला चालतं. संध्याकाळी आम्ही फेरीत उभे होतो, समोर नौदलाची राखाडी जहाजं होती. मुरादभाई किनाऱ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरकडे निरखून पाहत होते.

रविवार

मैदान टेकडीवरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, शहराच्या मधोमध आहे. धुकं नुकतंच उठलं होतं. वीस-बावीस माणसं जमली होती, पोटं सुटलेली, गुडघ्याला पट्टे. मधोमध एक बारीक चणीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा. खेळणाराही तोच आणि पंचही तोच. मुरादभाईंची चाल मंदावली, त्यावरून मी ओळखलं.

युसूफने आमच्याकडे पाहिलं. सलाम झाला, दोन्हीकडून, अगदी हळू. मग तो रंगीत बनियनं वाटत वाटत आमच्यापर्यंत आला. मला निळं दिलं, म्हणजे त्याच्या टीमचं. मुरादभाईंच्या हातात पिवळं ठेवलं.

“पीली,” एवढंच म्हणाला.

मुरादभाईंनी पिवळं घातलं. मला वाईट वाटलं. तीन दिवस मांडीवर मिठाई घेऊन आलेल्या माणसाला आणखी काय शिक्षा द्यायची, असं मनात आलं. पण मी पाहुणा, म्हणून गोलमध्ये जाऊन उभा राहिलो.

अर्धा वेळ तसाच गेला. युसूफ डावीकडून अजून बरा पळतो. मुरादभाईंना बॉल फार मिळाला नाही. मग एक उंच बॉल माझ्या हातून सुटला, मी आडवा झालो आणि तो घरंगळत थेट मुरादभाईंच्या उजव्या पायाशी गेला. समोर रिकामा गोल. सईनेही मारला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डावीकडे युसूफकडे, आणि बॉल हलकेच खांबाबाहेर ढकलला.

मला वाटलं गुडघा असेल. युसूफला तसं वाटलं नाही. त्याने शिट्टी वाजवली आणि चालत आला.

“ये क्या था?”

“चूक गया.”

“तू? यहाँ से?” युसूफचा आवाज चढला. “एहसान कर रहा है मुझ पे?”

मुरादभाई खाली बघत होते.

“तुझे क्या लगा, बीस साल मैं उन तीन गोल पे बैठा हूँ? बैंक का था, बैंक के लिए मारेगा ही. मैं तेरी जगह पकड़ के बैठा था, मुराद. तेरे जूतों की जगह. एक बार घर आके बोल देता.”

“डर गया था,” मुरादभाई म्हणाले. “तू बोलता मत जा, तो मैं नहीं जाता. और अम्मी की दवाई…”

“मैं बोलता, जा,” युसूफ म्हणाला.

बाकीची माणसं पाण्याच्या बाटल्या शोधू लागली. मीही बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग युसूफने मुरादभाईंच्या पिवळ्या बनियनला हात घातला.

“उतार इसको. इधर आ.”

एका जाडजूड गृहस्थाला पिवळं देऊन मुरादभाई आमच्याकडे आले. खेळ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने युसूफ डावीकडे सुटला आणि मुरादभाई पळू लागले. व्हिटबीच्या पार्कात हा माणूस दर दोन मिनिटांनी “पास, पास” ओरडतो. इथे तोंडातून शब्द नाही, मान वळवून पाहणं नाही. नुसते पळत गेले आणि बॉल जिथे यायचा तिथे आला. पाय मात्र वेळेवर आला नाही. बॉल गोलावरून उडाला आणि सहलीला आलेल्या एका कुटुंबाच्या चादरीवर जाऊन पडला.

युसूफ कमरेवर हात ठेवून हसायला लागला. “ये असली था,” म्हणाला.

खोका उघडला तर बर्फीची एकच वडी झालेली. मोटेलातल्या प्लॅस्टिकच्या चमच्याने तिचे तुकडे केले. सगळ्यात मोठा युसूफने घेतला आणि खाता खाता मुरादभाईंना म्हणाला, “और सुन, वो तीन भी गिना कर. अच्छे गोल थे. तीसरा तो…” तिसरा कसा मारला होता, ते तो बर्फीच्या हाताने हवेत दाखवू लागला. वीस वर्षांत तो गोल तो विसरला नव्हता. मुरादभाईंनी तोंड फिरवलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी वाऱ्याच्या नावावर खपवले.

परत

मुरादभाई हॅलिफॅक्सला आणखी चार दिवस राहिले आणि विमानाने परतले. मी एकटाच सगळा रस्ता उलटा कापत आलो, कुणी मिरर म्हणणारंही नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर माझं मत विचारू नका. जंगल फार, कॉफी वाईट, अंतर कंबर मोडणारं. पण दोन ड्रायव्हर असतील तर जा, आणि त्यातल्या एकाला तिथे काही काम असेल तर नक्की जा.

परवा सईच्या धड्याला मी मागच्या सीटवर बसलो होतो. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, “अंकल, हाऊ मेनी गोल्स, टोटल?”

मुरादभाईंनी आकडा सांगितला. सईची मान वळली. तिलाही जुना आकडा पाठ आहे.

“सो द वेबसाइट वॉज राइट?”

“हाँ बेटा, अब सही है,” मुरादभाई म्हणाले. “ग्रीन हो गया. मिरर देखो.”