रशीदमामांचा पंचा

कुणीही दारात आलं, की रशीदमामा आधी टेबलावर पंचा पसरायचे आणि मगच म्हणायचे, "या, बसा." पंच्याखाली अर्धवट जोडलेला सेट असायचा. शिरूरच्या एका बोळातल्या खोलीत मामा हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे छंद म्हणून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बिनतारी बोलणाऱ्या आमच्यासारख्या खुळ्यांसाठी, सेट बनवायचे. मी दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. माझा चहा पिऊन व्हायचा, पण पंचा काही हलायचा नाही.

"डोळा पयला चोर, सर. हात मागनं येतो," असं ते माझ्या तोंडावर म्हणायचे. कुणी नक्कल करू नये म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टरवरचा नंबर ते पॉलिश पेपरने घासून काढत. खोक्याच्या चारही स्क्रूंवर मामींच्या नेलपॉलिशचा थेंब ठेवत. स्क्रू फिरवला की तो तडकणार. वही नाही, आकृती नाही. "कागदाला पाय फुटत्यात," म्हणायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

मग परदेशी सेट आले. मुठीत मावणारे, देखणे आणि स्वस्त. मामांसारखे कारागीर एकेक करून दुकानं बंद करू लागले. मामांनी मात्र किंमत उतरवली, आणि आमच्या मनात पाल चुकचुकली. राहू गावचा आमचा एक रेडिओमित्र म्हणाला, "सर, आत परदेशी माल हाय. ह्यांचं फकस्त खोकं." मलाही ते पटलं. माणूस इतकं लपवतोय, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी असणारच!

एका रविवारी मी दार लावून माझा सेट उघडला. आत सगळं हाताचं होतं. तांब्याच्या तारेची वेटोळी इतकी एकसारखी, की बोट लावायलाही मी कचरलो. माझी मलाच लाज वाटली. बायकोची नेलपॉलिशची बाटली आणून स्क्रूंवर थेंब ठेवले आणि गप्प बसलो. मित्रांपुढे मामांची बाजूही घेतली नाही. घेतली असती तर सेट उघडल्याचं कबूल करावं लागलं असतं. नालस्ती तशीच फिरत राहिली.

पुढे त्याच सेटचा आवाज बसला म्हणून मी तो मामांकडे नेला. त्यांनी स्क्रूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सेट दुरुस्त करून दिला.

हळूहळू मामांकडे सेटऐवजी मिक्सर यायला लागले. शेवटचा गेलो तेव्हा टेबल उघडंच होतं, पंचा खांद्यावर. समोर त्यांनीच बनवलेला एक जुना सेट, आणि मामा भिंगातून एका जळक्या ट्रान्झिस्टरकडे बघत होते.

"कुठला हाय, आठवंना. नंबर मीच घासलाय," ते हसले. मग एकदम म्हणाले, "सर, तुम्ही तवा उघडला व्हता ना? आमच्या हिचं नेलपॉलिश तांबडं. तुमच्या स्क्रूवर गुलाबी व्हतं."

मी मान खाली घातली. "चुकलो मामा. आत परदेशी माल आहे का, ते बघायचं होतं."

"आन् मला वाटलं, शिकायला उघडला आसंल. कवाधरनं वाट बघतोय, सर एक तरी सेट बनवून आणतील."

"नाही बनवला."

"म्हंजी निस्ता संशय व्हय?"

मामांनी खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर पसरला. "या आता," म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा गेले. हल्ली मी पुष्कळदा तो सेट उघडून बसतो. तारेची वेटोळी मोजता येतात. घासलेले नंबर कुणाला विचारायचे?