तेराव्या भागानंतरचं पाप

गेल्या वर्षी आमचं घर तीन दिवस नेदरलँड्समध्ये होतं. घरातलं कुणीही शिवाजी पेठेच्या बाहेर गेलेलं नव्हतं.

ही गोष्ट मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितली आहे (गल्ली, ऑफिस, सासुरवाडी आणि डोळ्यांचे डॉक्टर). तरी मनावरचं ओझं पुरतं उतरलेलं नाही, म्हणून आज लिहून मोकळा होतो. मी एका दूध संघात दूध तपासायला आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी शोधण्यात गेली. अशा माणसाला हळूहळू स्वतःतलंही पाणी शोधायची खोड लागते. सुनसान रस्त्यावरसुद्धा मी लाल सिग्नलला थांबतो, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या घराण्याची चौकशी करतात.

तर, माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या डोळ्याने तिला कित्येक वर्षांपासून दिसत नाही आणि सगळी मदार असलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून सांगितलं, की आता थांबण्यात अर्थ नाही, चांगला पिकलाय, येत्या गुरुवारी करून टाकू. आई तयार झाली. कापडी पिशवीत तिने टॉवेल आणि देवाचा फोटोसुद्धा भरला.

आणि त्याआधीच्या शुक्रवारी मालिका बंद पडली.

ही मालिका कोरियाची. हिंदीत बोलणारी. एक विधवा सून सासऱ्याचं सुपाचं हॉटेल चालवते आणि थोरला दीर ते बळकवायला बघतो. आईचं मत असं, की हे सगळं आपल्या हितलंच आहे, फक्त काड्यांनी जेवतात एवढंच. त्या माणसांची नावं जिभेला जमेनात म्हणून तिने सगळ्यांचं बारसं नव्याने केलं होतं : मंदा, थोरला, पाटलीण आणि खुळा वकील. रोज दुपारी चार वाजता गल्लीतल्या अकरा बायका आमच्याकडे येत. सोळा भाग होते. तेराव्याच्या शेवटी थोरल्याने हॉटेलला कुलूप घातलं, आणि चौदाव्याच्या जागी एक पाटी आली : ही मालिका तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

"आपला प्रदेश म्हंजे?" आईने विचारलं. "कोल्हापूर वगळलंय व्हय?"

मी सांगितलं, की कंपनीचा भारतापुरता दाखवायचा करार संपला असावा. तिला ते पटेना. तिने ताबडतोब सांगलीला मावशीला फोन लावला. मावशीकडेही दिसत नव्हतं. त्यावर ती थोडी शांत झाली, कारण सांगलीला दिसतंय आणि कोल्हापूरला नाही, हे तिला मोतीबिंदूपेक्षा जड गेलं असतं.

पण मग तिने पिशवीतून टॉवेल बाहेर काढला.

"शेवट बघितल्याबिगर मी डोळ्याला कुणाला हात लावू देणार न्हाय."

मी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा समजावलं. थांबलं तर डोळ्यात दाब वाढेल, असलेलं जाईल. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि केल्यावर गेलं तर? मग मंदाचं काय झालं ते मी कशानं बघू?"

यावर मी शोधून शेवटच्या तीन भागांची गोष्ट वाचली आणि तिला सांगायला बसलो. दोन मिनिटांत तिने हाताने थांबवलं. "तू सांगतोस ते दुधाचा रिपोर्ट वाचल्यागत सांगतोस. ऱ्हाऊ दे." माझी बायको मंगल आतून हसली. (सव्वीस वर्षांत माझ्या कामाचा घरात झालेला हा पहिलाच उल्लेख!)

शनिवारी संध्याकाळी माझा मेव्हणा संजय आला. शाहूपुरीत त्याचं मोबाईलचं दुकान आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, एवढंच व्हय? आपण टीव्हीला दुसऱ्या देशात नेऊन ठेवू." एक सॉफ्टवेअर टाकलं की आपण कुठे बसलोय हे कंपनीला कळत नाही, आपण सांगू तोच देश तिला खरा वाटतो, असं त्याने समजावलं.

"म्हणजे खोटं बोलायचं," मी म्हणालो.

"पैसं भरताय का न्हाय म्हयन्याला?"

"भरतो."

"मग चोरी कुठली? आहेर दिलाय, ताट आपलं हाय. फकस्त आपल्या पंगतीत वाढंनात, म्हणून पलीकडच्या पंगतीत जाऊन बसायचं."

"पलीकडच्या पंगतीत मी त्यांचा पाहुणा म्हणून बसणार. ती खोटी ओळख झाली की नाही?"

"दाजी," संजय शांतपणे म्हणाला, "म्हातारीचा डोळा हाय."

मी एक तास मागून घेतला आणि त्या तासात कंपनीच्या सगळ्या अटी वाचून काढल्या. असं करणारा मी जिल्ह्यात बहुधा एकटाच असेन. आपलं ठिकाण लपवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. न वाचताच 'मान्य आहे' दाबलं असतं तर निदान अज्ञानी तरी राहिलो असतो! आता मी वाचून सवरून पापी होणार होतो.

बाहेर आई मंगलला सांगत होती, की समोरचं कॅलेंडर दिसत नाही, तारखा वाचून दाखव. मी उठलो आणि संजयला म्हणालो, कर.

त्याने देश कुठला निवडू विचारलं. मी यादी बघून नेदरलँड्स सांगितलं. दुधाचा देश आहे. त्यातल्या त्यात मला बरं वाटलं. संजयने काहीतरी जोडलं, काहीतरी दाबलं, चौदावा भाग आहे एवढं पडद्यावर दाखवलं आणि राधानगरीकडे एका लग्नाला निघून गेला.

रविवारी दुपारी घरातल्या घरात, दार लावून, आईला तिन्ही भाग दाखवायचे आणि विषय संपवायचा, असा माझा बेत होता. पण आमच्याकडे चांगली गोष्ट एकट्याने बघायची पद्धत नाही. एकट्याने खाल्लं तर अंगी लागत नाही आणि एकट्याने बघितलं तर समजत नाही, असा आईचा हिशेब. चारच्या आधी अकरा बायका हजर! येताना चिरमुऱ्यांचा चिवडाही आणलेला.

मी दारात उभा राहून प्रत्येकीला हळूच सांगितलं, की हे नियमात बसत नाही, बाहेर कुठे बोलू नका. आता कळतं, की मी सांगितलं नसतं तर हे नियमात बसत नाही हे एकीलाही कळलं नसतं. पहिली आत जाऊन दुसरीला म्हणाली, "चोरून आणलंय म्हणं." दुसरीने टीव्हीचा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमी नेदरलँडात हाय.' अर्ध्या तासात आणखी सहा जणी आल्या. मी स्वयंपाकघरात पाणी पीत बसलो. एकटा पापी होणं वेगळं, मी तर सतरा बायकांना परदेशी नेलं होतं.

मंदाला हॉटेल परत मिळालं. कसं ते सांगत नाही. आमच्या घरातून जो आवाज उठला, त्यावर समोरच्या तालमीतले लोक मॅच कुणी जिंकली विचारायला आले. आईने डोळे पुसले, आत गेली आणि टॉवेल परत पिशवीत ठेवला. त्या क्षणी मला वाटलं, झालं ते बरं झालं.

हे वाटणं सोमवारी सकाळपर्यंत टिकलं.

सोमवारी मंगलच्या मोबाईलवर भाजी चिरण्याच्या यंत्राची जाहिरात आली, ती कुठल्याशा परक्या भाषेत, वाचता येईना. बँकेच्या ॲपने मला आत घ्यायचं नाकारलं. तुम्ही अनोळखी ठिकाणाहून आला आहात म्हणे. (जन्मापासून तिथेच राहतोय!) तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. गुरुवारसाठी आईचा फॉर्म मोबाईलवर पाठवला आहे, बारापर्यंत भरा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल आणि मग पुढचा महिना. साडेअकरा वाजले होते. मी फॉर्म उघडला.

ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही.

ज्या डोळ्यासाठी देश सोडला, त्या डोळ्याचाच फॉर्म भरायला आता देश लागत होता. संजयला फोन लावला. राधानगरीच्या पलीकडे कुठल्या डोंगरात तो होता देव जाणे, लागेना. मी टीव्हीचा प्लग उपटला. माझ्या समजुतीप्रमाणे नेदरलँड्स टीव्हीत होतं. फॉर्म पुन्हा उघडला, पाटी तीच. सेट टॉप बॉक्स काढला. शेवटी फ्रिजसुद्धा बंद केला. मंगल म्हणाली, "मिक्सर ऱ्हायलाय." घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट ज्या डबीतून येतं, त्या डबीतच संजयने देश बदलून ठेवलाय, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई पलंगावरून विचारत होती, "काय झालं रे? बेत मोडला काय?" तिचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला वाटला. मला राहवेना. पायात चपला सरकवल्या आणि मोबाईल हातात घेऊन मी शाहूपुरीला हॉस्पिटलकडे पळत सुटलो. तिसऱ्या घरापाशी, जिथे आमच्या डबीची रेंज संपते, तिथे मोबाईल आपल्या स्वतःच्या इंटरनेटवर आला आणि फॉर्म आपोआप उघडला! म्हणजे आमच्या दारापासून वीस पावलांवर भारत सुरू होत होता.

परत मागे जायची माझी छाती होईना. तिथेच, इस्त्रीवाल्याच्या टेबलावर मोबाईल ठेवून मी फॉर्म भरायला घेतला. रुग्णाचं वजन विचारलं, मी मंगलला ओरडून विचारलं, तिने आईला विचारलं, आणि उत्तर मधल्या दोन घरांनी दिलं. मधुमेह आहे का, याला एक म्हणाली आहे, एक म्हणाली नाही, पण चहात साखर तीन चमचे. बाराला चार मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. आईचं वजन, वय आणि बीपी आता सगळ्या गल्लीला पाठ आहे.

संध्याकाळी संजयने येऊन आम्हाला मायदेशी आणलं. पण माझ्या मनाने एक ठरवून टाकलं होतं : हा इशारा होता, खरी शिक्षा गुरुवारी मिळणार. अट मी मोडली आणि भरपाई आईचा डोळा करणार. हे बोलून दाखवलं तर मंगल म्हणाली, "देवाला एवढी कामं पडल्यात, त्यो तुमच्या टीव्हीचं बघत बसलाय काय?" मला पटलं, पण तेवढ्यापुरतंच.

गुरुवारी दुपारी आईला आत नेलं. मी बाहेर बाकावर. दहा मिनिटांत मला राहवेना. मी कंपनीच्या मदतकेंद्राला लिहायला सुरुवात केली आणि सगळं लिहिलं : अटी वाचल्या होत्या हेही, सतरा बायका हेही, नेदरलँड्स मीच निवडलं हेही. कंपनीने जी शिक्षा द्यायची ती मला द्यावी, खातं बंद करावं, असं शेवटी लिहिलं.

पलीकडच्या बाईने पहिलं उत्तर दिलं, की तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी लिहिलं, दिलगीर मी आहे. तिने लिहिलं, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. अशी आम्ही बराच वेळ एकमेकांची माफी मागत होतो. मग तिने सरळ सांगितलं, की हो, हे आमच्या अटींविरुद्ध आहे, पुन्हा करू नका, खात्यावर काही कारवाई नाही. आणि थोडं थांबून लिहिलं, की तसंही ही मालिका शनिवारी सकाळपासून भारतात पुन्हा सुरू झालेली आहे.

मी ते तीनदा वाचलं. संजय आला होता शनिवारी संध्याकाळी! शुक्रवारनंतर आमच्यापैकी एकानेही साधं बटण दाबून बघितलं नव्हतं. जे घरच्या पंगतीत वाढून ठेवलं होतं, ते खायला मी सतरा बायकांना घेऊन समुद्रापार गेलो होतो.

मी मंगलला मोबाईल दाखवला. तिने वाचलं आणि मोबाईल परत दिला.

"मग झालं की," ती म्हणाली. "आता तरी च्या प्या."

आणि खरंच, चार दिवसांत पहिल्यांदा मला चहाची चव लागली. इरादा वाईट होता तो होताच, ते मी अजून मान्य करतो. पण छातीवरचा दगड खाली उतरला. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, उत्तम झालंय. मी डॉक्टरांना नमस्कार केला, नर्सला केला, स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आम्ही सगळे भोवती उभे. आईने डोळा हळूहळू उघडला, मिटला, परत उघडला. डॉक्टरांनी मला पुढे ओढून तिच्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "आजी, नीट बघून सांगा, कोण दिसतंय?"

आईने मला केसांपासून हनुवटीपर्यंत सावकाश निरखलं.

"माझा ल्योक हाय," ती म्हणाली. "तोंड बघा की त्याचं. कुणाच्या तरी घरातनं भांडं उचलून आणल्यागत."

"वा," डॉक्टर म्हणाले, "अगदी स्वच्छ दिसतंय."

त्या वेळी मला निर्दोष होऊन अठरा तास झाले होते.