जास्त देणारा तराजू

वजनमापांच्या निरीक्षणात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याची दृष्टी वस्तूवर न ठरता वस्तूच्या तळाशी जाते. पारड्याखाली चिकटवलेले मेण, खालून ठोकून वर उचललेला लिटरच्या मापाचा तळ, पोकळ दांडीत दडवलेले शिसे, असल्या गोष्टी छत्तीस वर्षे शोधता शोधता मापकाकांच्या ठायी संशय हा दोष न उरता एखाद्या व्रतासारखा स्थिरावला होता. मापकाका हे नाव गल्लीने दिलेले. त्यात थोडी थट्टा होती, थोडा धाकही होता. निवृत्तीला सहा वर्षे लोटली तरी कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांच्यासाठी तोलताना काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राहत असे.

त्यांच्या शास्त्रात एक सूत्र असे होते, की जे सामान्य माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. "कमी देणारा तराजू खोटा, हे कुणालाही कळतं," ते घरी सांगत. "पण जास्त देणारा तराजूही खोटाच. तोही जप्त करावा लागतो. आधी शोधा, जास्त का देतो?"

या सूत्राच्या तावडीत त्यांचा जावई सापडला.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा होता. हसतमुख, बोलायला मोकळा आणि हाताने सढळ. गेल्या वर्षी त्याला कंपनीकडून गाडी मिळाली, तेव्हा आपली जुनी मोठी डिझेल गाडी त्याने धुऊनपुसून सासऱ्यांच्या दारात आणून उभी केली आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, तुम्हाला यंत्रांची आवड. माझ्याकडे नुसती धूळ खात पडेल."

काकांनी विधिवत आभार मानले. जावई गल्लीच्या वळणाआड गेला आणि ते पत्नीकडे वळले.

"कशाला दिली असेल?"

"प्रेमाने," काकू म्हणाल्या.

"ते झालंच. पण कशाला?"

त्याच दुपारी त्यांनी गाडीच्या खणातली सर्व्हिसची पुस्तिका काढून भिंग लावून वाचली. प्रत्येक तेलबदलाचा शिक्का वेळच्या वेळी, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. दुसऱ्या कोणाचे समाधान झाले असते. काकांच्या कपाळावर आठी पडली. इतके निर्दोष कागद त्यांनी आयुष्यात ज्यांच्या ज्यांच्याकडे पाहिले होते, त्यांपैकी निम्म्यांना त्यांनी पुढे पकडले होते.

आठव्या महिन्यात गाडीने जणू त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. चढावर तिचा दम उखडू लागला, बॉनेटखालून बारीक कण्हल्यासारखी शिट्टी ऐकू येऊ लागली आणि मागे निळसर धुराची शेपटी लांबत चालली. रोग टर्बोंचा होता, आणि या इंजिनाला दोन बाजूंना मिळून दोन टर्बो होते. टर्बो म्हणजे इंजिनाचा उच्छ्वास कामाला लावणारी पंख्यांची जोडी. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारा तो दांडा धातूला टेकलेला नसतो. तेलाच्या एका पातळ थरावर तो तरंगत असतो. तो थर आटला की सारे संपले.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले होते. काकांनी ताटावरच विषय काढला.

"जावईबापू, टर्बो एका दिवसात मरत नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं."

जावयाने हातातला घास खाली ठेवला. "बाबा, दिली तेव्हा गाडी ठणठणीत होती."

"ठणठणीत गाडी कोणी अशी देऊन टाकतं?"

"अहो, जेवताना काय हे!" काकू म्हणाल्या.

जावई उठला. त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच काकांना अधिक संशयास्पद वाटले. "तुम्हीच उघडून बघा. माझा दोष निघाला तर या घराचा उंबरा चढणार नाही. आणि शोध लागेपर्यंतही नाही."

"मीही नाही," लेक म्हणाली. ती एकुलती एक होती आणि शब्दाला जागण्यात बापावर गेली होती.

दोन महिने कोणी आले नाही. रविवारी टेबलाच्या दोन खुर्च्या आत सरकवलेल्याच राहत. काकू त्यांच्यावरची धूळ झटकीत, आणि झटकताना काकांकडे बघत.

गाडी कोणा मेकॅनिकच्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. जो इंजिन उघडतो तोच पुरावा निर्माण करू शकतो, असे काकांचे मत होते. घराला लागून गॅरेज होते, भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले होते, प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची रंगवलेली सावली होती. त्यांनी नवे टर्बो मागवले, खोकी आल्याबरोबर त्यांवरचे क्रमांक बिलाशी तीनदा ताडून पाहिले, आणि एका सकाळी कोऱ्या कागदांची चळत घेऊन पत्नीसमोर उभे राहिले.

"मी पंचनामा करणार आहे. पंच लागेल."

"मला कपडे वाळत घालायचेत."

"पंच तटस्थ असावा लागतो. तू आहेस का तटस्थ?"

"मुळीच नाही. मी जावयाच्या बाजूची."

"उत्तम. म्हणजे माझ्या भिडेखातर सही करणार नाहीस."

अशा रीतीने कार्य आरंभले. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली लोखंडी घोड्या लावल्या, बॅटरीची तार सोडवली, पाणी आणि तेल दोन पसरट भांड्यांत उतरवले. निघालेला प्रत्येक बोल्ट कागदी पाकिटात जाई. पाकिटावर जागा, तारीख आणि काकांची सही, खाली काकूंची सही. एक्झॉस्टच्या बाजूचे नट उष्णतेने असे धरले होते की गंज सोडवणारे तेल मारून दोन दिवस वाट पाहावी लागली. काकांनी कागदावर लिहिले, 'नट सहजासहजी सहकार्य करीत नाहीत.'

"आता नटांवरही संशय?" काकूंनी सही करता करता विचारले.

"सगळ्यांवर. मग कोणावर अन्याय होत नाही."

तिसऱ्या दिवशी उजवा टर्बो हातात आला, पाचव्या दिवशी डावा. काकांनी दांडा चिमटीत धरून हलवला. जो केसभरही हलू नये, तो खुळखुळत होता. पंख्याची पाती कवचाला घासून बोथट झाली होती आणि दांडा निळाकाळा करपला होता. तेलावाचून जळाल्याचे ते निःसंदिग्ध लक्षण होते. काकांच्या मुद्रेवर एक गंभीर प्रसन्नता पसरली. त्यांनी लिहिले, 'दीर्घकाळ तेलाची उपेक्षा. मागील मालकाची चौकशी आवश्यक.'

"हे मी नाही सही करणार," काकू म्हणाल्या.

"का?"

"दांडा जळलाय एवढं दिसतंय मला. उपेक्षा कुठे दिसतेय? दाखवा."

पंचाचे म्हणणे नियमाला धरून होते. काकांनी दुसरे वाक्य खोडले आणि शोध पुढे चालवला. तेल टर्बोपर्यंत एका बारीक नळीने येते आणि शेवटी एका पोकळ बोल्टातून आत शिरते. त्या बोल्टाचे छिद्र बोरूच्या टोकाएवढे. काकू कपडे आत आणायला गेल्या असताना काकांनी उजव्या बाजूचा पोकळ बोल्ट काढला, उजेडासमोर धरला, आणि त्यातून उजेड दिसेना.

त्यांनी सुई घातली. छिद्रातून रबरासारखा एक मऊ तुकडा बाहेर आला. लाल. लाखेसारखा लाल.

काकांनी डाव्या बाजूचा बोल्ट काढला. त्यातूनही तसाच तुकडा निघाला.

ते लाल त्यांनी ओळखले. गाडी येऊन तीन महिने झाले असताना याच सांध्यापाशी त्यांना तेलाचा ओलसर डाग दिसला होता. गळती लपवून गाडी गळ्यात मारली, असा पहिला संशय तेव्हाच त्यांच्या मनात उगवला होता. त्यांनी तो कोणाजवळ बोलून दाखवला नव्हता. शांतपणे नळी सोडवून त्यांनी सांध्याला गळती बुजवणारे लाल सीलंट लावले होते, सढळ हाताने. आणि एका बाजूला सील व दुसरी मोकळी हे त्यांच्या पंथात बसणारे नसल्यामुळे कोरड्या असलेल्या दुसऱ्या बाजूलाही लावले होते. बाहेरचे सीलंट काही केल्या हलले नाही. आत दबलेले मात्र गरम तेलाने सुटले, पुढे सरकले आणि छिद्राच्या तोंडाशी जाऊन बसले.

छत्तीस वर्षांत शेकडो माणसांचे चेहरे त्यांनी या क्षणी पाहिले होते, पारडे उलटे केल्याच्या क्षणी. आपला चेहरा आता तसाच दिसत असेल, हे त्यांना आरशावाचून कळले. त्यांनी दोन्ही तुकडे खिशात टाकले.

काकू परत आल्या. त्यांनी कागद पाहिला. "पान अर्धंच आहे. काय निघालं?"

"विशेष काही नाही. गंज."

"पाकीट कुठेय?"

"कसलं?"

"अहो, पाच दिवस वॉशरसुद्धा पाकिटात घालताय. गंजाचं पाकीट कुठेय?" त्यांनी हात पुढे केला. "खिशात काय आहे?"

काकांनी तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. काकूंनी एक ओढून पाहिला. तो ताणला गेला आणि पुन्हा आखडला.

"हा गंज? हे तर तुमचं लाल. न्हाणीच्या खिडकीला लावलंत ते, टाकीच्या नळाला लावलंत ते. घरभर लावलंय."

काका उपड्या बादलीवर बसले. "मला वाटलं, त्याने गळती लपवली."

"म्हणून तुम्ही बुजवलीत."

"हे लिहिलं, तर..."

"तर लेक घरी येईल."

"आणि मी? मी कुठे तोंड लपवू?"

"तुम्ही कुठे जाताय? तुम्ही तर घरीच असता," काकू म्हणाल्या आणि पेन त्यांच्यापुढे धरले. "लिहा. मी पंच आहे."

त्यांनी लिहिले. अक्षर नेहमीसारखेच ताठ आले. त्यानंतरचे तीन दिवस जोडणीत गेले. दोन्ही नळ्या नव्या घातल्या, तेलाची टाकी उतरवून तिची जाळी स्वच्छ केली, प्रत्येक सांध्याला नवे गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर बसवले. सीलंटची नळी त्यांनी कचऱ्यात टाकली नाही. ती पाकिटात घालून, सही करून, बाकीच्या पाकिटांत ठेवली. नव्या टर्बोंच्या छिद्रांत चमच्याने तेल सोडून पंखे बोटाने फिरवले, आणि हा दांडाही आता खुळखुळतो की काय, या शंकेने प्रत्येकी सातदा हलवून पाहिले.

नवे तेल आणि पाणी भरले, बॅटरीची तार जोडली. राहिले इंजिन सुरू करणे. तेल टर्बोपर्यंत पोचते की नाही हे बघायला एकाने नळीपाशी डोळे लावायचे आणि दुसऱ्याने किल्ली फिरवायची.

"मला नाही येत," काकू म्हणाल्या. लेकीला गाडी चालवायला काकूंनीच शिकवले होते.

काकांनी फोन लावला. "जावईबापू, पंचनामा पूर्ण झाला. वाचायला या."

जावई आला तो ताठ मानेने आणि उंबऱ्याला बगल देऊन, बाहेरूनच गॅरेजच्या दाराशी. लेक त्याच्या एक पाऊल मागे. काकांनी कागद त्याच्या हाती दिले आणि स्वतः बॉनेटमध्ये वाकले. जावई मोठ्याने वाचू लागला. अकराव्या पानावर त्याचा आवाज अडखळला.

"'तेलाच्या मार्गात लाल सीलंट. लावणारा, मी स्वतः. मागील मालकाचा संबंध नाही.'"

"बसा आता," काका बॉनेटमधूनच म्हणाले. "किल्ली फिरवा. इंधनाचा फ्यूज काढलाय, ती सुरू होणार नाही. मी सांगेन तेव्हा थांबा."

किल्ली फिरली. "थांबा. पुन्हा. थांबा." चौथ्या वेळी नळीच्या सैल तोंडाशी तेलाचा मणी फुगला. काकांनी दोन्ही सांधे कसले, फ्यूज परत बसवला. इंजिन घरघरले, सुरू झाले आणि मागून निळा धूर उसळला.

काकांचा चेहरा उतरला. "बघा! अजून आहेच."

"बाबा, सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळतंय. दहा मिनिटं द्या तिला."

काकांनी घड्याळ लावून दहा मिनिटे दिली. आठव्या मिनिटाला धूर विरला. शिट्टी नव्हती. तरीही ते कान लावून उभेच होते. तेव्हा जावई त्यांच्याजवळ आला आणि खाली मान घालून हळूच म्हणाला, "बाबा, एक राहिलं. देण्यापूर्वी एकदा तेल बदलायला मला पाचसहा महिने उशीर झाला होता. त्यानेही दांडे झिजले असतील. तेही लिहा त्यात."

काकांची नजर झटकन वर आली. सर्व्हिसच्या पुस्तिकेतला एकेक शिक्का त्यांना तोंडपाठ होता. उशीर कोठेही नव्हता. हा माणूस धडधडीत खोटे बोलत होता, आणि खोटे बोलून पारड्यात स्वतःकडचे वजन टाकत होता. जास्त देणारा तराजू. तो त्यांच्यासमोर उभा होता, रंगेहाथ.

त्यांनी पेनाचे टोपण काढले. काकू बघत होत्या, लेक बघत होती.

पंचनाम्याचे अखेरचे पान अर्धे कोरे होते. नंतर कोणाला काही भरता येऊ नये म्हणून अशा कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारण्याचा नियम असतो. काकांनी ती रेघ मारली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि कागद काकूंपुढे सरकवला.

काकूंनी रेघेखाली सही केली. "हात धुवा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या, "आणि घरात या. पुढच्या दाराने."