उंबऱ्यावरचं दुकान

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, चपला शिवतात. हात असा की चप्पल झिजून जाईल, पण त्यांनी लावलेला अंगठा निघायचा नाही. माणूस मात्र महाहट्टी. स्वतःच्या आईशी भांडले, आणि ती आजारपणात सारखी बोलावत होती तरी गेले नाहीत. ती गेली तेव्हा हे दुकानात टाके घालत होते.

तेव्हापासून दाजींनी प्रार्थनाघरात पाऊल टाकलं नाही. "कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणायचे. दर रविवारी बाहेर, लोकांनी काढून ठेवलेल्या चपलांपाशी बसायचे आणि तुटलेल्या फुकट शिवून द्यायचे. स्वतःला शिक्षा म्हणे! लोकांचं काय, चंगळच. घरातली जुनीपुराणी पायताणं मुद्दाम घालून यायचे आणि वर म्हणायचे, "केवढा हो पश्चात्ताप!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत ताईच्या शेजारची जागा रिकामी, आणि या माणसाला देवाशी एक शब्द बोलता येत नव्हता. ओठच हलत नाहीत, म्हणून एकदा ताईजवळ रडले होते.

परवा नवे पाळक उपदेश अर्धवट सोडून बाहेर आले आणि सरळ दाजींच्या शेजारी पायरीवर बसले. मी दाराशीच होते.

"काका, शास्त्रातला पश्चात्ताप म्हणजे स्वतःला छळत बसणं नव्हे. मागे फिरायचं आणि देवाकडे परत यायचं. तुम्ही दारापर्यंत आलात आणि तिथंच दुकान मांडलंत!"

"आधी लायक तर होऊ द्या."

"आतली मंडळी लायक होऊन आलीत असं वाटतं तुम्हाला? अहो, देवानं चपला मागितल्याच नाहीत. तो तुम्हाला बोलावतोय."

दाजींची आरी थांबली. ती त्यांनी खाली ठेवली. मग उठले. पायांना मुंग्या आलेल्या, म्हणून भिंत धरत, मेणाने माखलेल्या हातांनी तसेच आत गेले.

"आलो," एवढंच म्हणाले.

खोली तीच, पोपडे आलेल्या भिंती त्याच. पण इथे खरंच कोणीतरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी बाई दर रविवारी जाते!

बाहेर आल्यावर ताईने हळूच विचारलं, "काय झालं हो आत?"

"मला वाटायचं, त्यानं माझ्याकडे पाठ फिरवलीय," दाजी म्हणाले. "पाठ माझीच होती गं. मी वळलो, तर तो समोरच."