डॉकमास्तरचा पक्ष

बहारीनमध्ये मुहर्रकजवळच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत मी प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा आमचा डॉकमास्तर क्रोएशियाचा होता. गोदीतलं पाणी उपसलं जात असताना जहाज नेमकं ठोकळ्यांवर बसवायचं, हे त्याचं काम. पन्नाशी ओलांडलेला, उंच, उन्हाने लालबुंद झालेला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. जहाज टेकलं की वॉकीटॉकीवर फक्त ‘खलास’ म्हणायचा. साखळ्या-दोरखंडांनी जड सामान उचलणारी आमची रत्नागिरीकडची रिगर मंडळी त्याला मास्तर म्हणायची, मग मीही म्हणू लागलो.

मास्तर त्याच्या देशातल्या एका छोट्या पक्षाचा सदस्य होता. उजव्या वळणाचा, सभा गाजवणारा पक्ष. संसदेत मोजकी माणसं, पण आवाज मोठा. जेवणाच्या सुट्टीत तो मला त्यांच्या नेत्याची भाषणं मोबाइलवर दाखवायचा. मला त्यातलं बरंचसं पटायचं नाही आणि मी तसं सांगायचो. तो रागवायचा नाही. एकदा त्याने मला नीट समजावून सांगितलं. त्याचं गाव समुद्रकाठचं. वडील, आजोबा, सगळे तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात. कारखाना बंद पडायला आला तेव्हा मोठ्या पक्षांचे लोक आले, फोटो काढून गेले. हा नेता मात्र अख्खा हिवाळा कामगारांबरोबर गेटवर बसला, त्यांच्याच डब्यातलं सूप प्यायला. कारखाना तरीही बंद झाला आणि मास्तर बहारीनला आला. पण तो हिवाळा तो विसरला नव्हता. मीही विसरलो नसतो.

सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे ईसा टाउनला यायचा. त्याची बायको गावी असायची. माझ्या बायकोच्या हातची रवा लावून तळलेली सुरमई त्याला मनापासून आवडायची. आमची मुलगी घरात इंग्रजीतच उत्तरं देते, आणि हा मात्र हात जोडून मराठीत ‘बस वहिनी, पोट भरलं’ म्हणायचा. बायको मुलीकडे बघायची.

मग मास्तरच्या गावच्या नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या. पक्षाच्या यादीत पहिलं नाव मास्तरचं असणार होतं. नोकरी सोडायची, परत जायचं, निवडून यायचं आणि कारखान्याचं गेट उघडायला लावायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्याच सुमाराला बहारीनमधल्या सखीरला मोटारींची शर्यत होती. ती बघायला त्यांचा नेता येणार होता आणि इथल्या आपल्या लोकांना भेटणार होता. मास्तरने आपल्या फ्लॅटवर सगळ्यांना जेवायला बोलावलं. मासे करून द्याल का, असं त्याने बायकोला विचारलं आणि आम्हा दोघांनाही या म्हणाला.

वीसेक माणसं होती. नेता दिसायला साधा, हसतमुख. त्याने माझ्या बायकोला मुद्दाम येऊन सांगितलं की मासे फार छान झालेत. जेवता जेवताच तो उभा राहून त्यांच्या भाषेत बोलू लागला. मास्तर माझ्या शेजारी बसून हळू आवाजात इंग्रजीत सांगत होता: कारखान्याबद्दल, तरुण पोरं देश सोडून जातात त्याबद्दल. लोक टाळ्या वाजवत होते. आणि एका वाक्यावर मास्तर थांबला. नेता बोलतच होता, दोनतीन जण हसले. मी काय झालं म्हणून विचारलं.

मास्तर उभा राहिला.

‘आत्ता जे बोललास ते इंग्रजीत बोल,’ तो नेत्याला म्हणाला. मला कळावं म्हणून स्वतःही इंग्रजीतच. ‘माझे पाहुणे ऐकताहेत.’

नेता हसला. हे इथल्या लोकांबद्दल नाही, आपल्याकडे जे येतात त्यांच्याबद्दल आहे, असं काहीसं म्हणाला.

मास्तर म्हणाला, ‘इथे मीच आलेला आहे. या देशाने मला दार उघडलं, यांच्या घराने ताट वाढलं. यांना तोंडावर सांगता येत नाही ते माझ्या घरात बोलू नकोस.’

नेत्याने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण बैठक लवकरच मोडली. जाताना त्यांच्यातल्या दोघांनी मास्तरशी हात मिळवला नाही. आम्ही भांडी आवरायला थांबलो तेव्हा त्याने ते वाक्य सांगितलं. नेपाळ आणि भारतातून कामाला आणलेल्या लोकांबद्दल होतं. मसाल्याचा वास मारणारी माणसं आपल्या गावात भरली आहेत, असं. सांगताना त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, ‘अहो, त्यांना सांगा, मासा मात्र नेत्याने तीन वेळा घेतला.’ मी सांगितलं. मास्तर खुर्चीत बसून हसला आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिला.

यादीतून त्याचं नाव गेलं. मला वाटलं, आता तो इथेच राहील. पण त्याने राजीनामा दिला, गावी गेला आणि अपक्ष उभा राहिला. दारोदार फिरला. चर्चबद्दल, घरदार-कुटुंबाबद्दल त्याची मतं होती तीच होती, ती त्याने लपवली नाहीत. कारखाना उघडा म्हणाला, आणि आलेल्या माणसांना धड राहायला जागा द्या, असंही म्हणाला. अगदी वाईट हरला. त्याच्या गल्लीतल्या लोकांनीही त्याला मत दिलं नाही, हे त्याने मला फोनवर स्वतःच सांगितलं, रागाविना.

गोदीत आता दुसरा डॉकमास्तर आहे, चांगला आहे. जुन्याचा फोन अधूनमधून येतो. कारखाना बंदच आहे. पक्ष अजून आहे, त्याला परत बोलावणंही आलं होतं. कळवतो म्हणाला आणि कळवलं नाही. त्याच्या गल्लीतली बेकरी हल्ली एक नेपाळी जोडपं चालवतं. त्यांच्या पावात मीठ कमी असतं, अशी त्याची तक्रार आहे. रोज सकाळी जाऊन तो त्यांना ती ऐकवतो आणि दोन पाव घेऊन येतो.