सर म्हणणारा चोर

२०२२ साल. मी सदुसष्ट वर्षांचा, कागदावर. खरं वय आईला ठाऊक होतं, ती कधीच गेली.

अहमदपूरच्या बँकेत खिडकीपुढं उभा होतो. आत साहेब. पोरगंच, माझ्या नातवाएवढं. त्यानं माझा मोबाईल हातात घेतला अन् त्यातला ईमेल मोठ्यानं वाचायला लागला. नाटकातल्यावानी आवाज काढून. "अभिनंदन, आपला ईमेल लंडनच्या लॉटरीत भाग्यवान ठरला आहे." शेजारची बाई हसली. शिपाई हसला. माझ्या मागची लाईन हसली.

मग साहेब म्हणला, "तिकीट काढायला लंडनला गेला होतास का रे म्हाताऱ्या? अंगठेबहाद्दरांच्या हातात मोबाईल देतं कोण?"

मी दुसरी शिकलोय. सही करतो. मार्केट यार्डात जन्मभर पोती वाहिली, पण एकाही आडत्याचं अरे-तुरे ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायला ठेवलेला हमालीचा पैसा गेला होता. कुठल्या तोंडानं बोलणार?

कसा गेला ते सांगतो. पेन्शनचा फॉर्म भरताना सेंटरवाल्यानं मला ईमेल काढून दिला होता. त्याच्यावर हे आलं. खाली नंबर. लावला. पलीकडचा म्हणला, "नमस्कार सर."

सर. आयुष्यात मला कोणी सर म्हणलं नव्हतं.

बक्षीस सोडवायला आधी टॅक्स भरा म्हणला. घाई करा म्हणला. अन् पैसे हातात पडेस्तोवर कोणाला सांगू नका म्हणला. तिथंच मी फसलो. आमच्याकडं शेतात गुप्तधन लागलं की माणूस बायकोजवळ बी बोलत नाही. बोललं की हंड्यातल्या सोन्याचे कोळसे होतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मला वाटलं, माणूस जाणता आहे, रीत पाळतो. गप बसलो. म्हातारीला बी सांगितलं नाही. पैसे भरले. त्यानं अजून मागितले, अजून भरले.

भरले कुठं? ह्याच खिडकीत. शिक्का मारला ह्याच साहेबानं. तेव्हा हसला नाही. बाबा, कोणाला पाठवून राहिले, एवढं बी विचारलं नाही. पुढच्या खेपेला खात्यात पैसे पुरले नाहीत, म्हणून बक्षिसावर कर्ज मिळतंय का विचारायला मी मोबाईल दाखवला, तेव्हा ह्याला हसू आलं.

मोबाईल हिसकला अन् बाहेर पडलो. लाईनीतले एक रिटायर गुरुजी मागून आले. इस्त्रीचे पांढरे कपडे. मला चहाच्या टपरीच्या आडोशाला नेलं, इकडंतिकडं बघितलं अन् हळूच म्हणले, "मलाही आला होता. मीही भरले. घरात अजून बोललो नाही. तुम्हीही बोलू नका, अब्रू जाते."

माझं डोकं फिरलं. "गुरुजी," मी म्हणलं, "तुम्ही तोंड उघडलं असतं तर माझा पैसा वाचला असता."

ते खाली बघत निघून गेले.

चोर म्हणतो बोलू नको. साहेब हसतो, म्हणून माणूस बोलत नाही. गुरुजी अब्रूपायी बोलत नाहीत. सगळे मिळून चोराचीच चाकरी करून राहिले. अन् त्यात मी बी.

सांजेला म्हातारीला सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणली, "चोरी त्यानं केली. मान तुम्ही कशापायी खाली घालता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौदा सुरू व्हायच्या आधी, यार्डात गेलो. सोयाबीनच्या थप्पीवर चढलो. गुडघे बोलले. हमाल, आडते, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे वर बघायला लागले. एक आडत्या म्हणला, "नाना, कोणत्या पार्टीकडून उभे हाव?" हशा झाला.

"हसा," मी म्हणलं. "मला लुटलंय. तिकीट न काढता बक्षीस लागलं, तर समोरचा चोर हाय. बक्षीस द्यायच्या आधी पैसे मागितले, तर चोर हाय. अन् कोणाला सांगू नको म्हणला, तर तिथंच, तेव्हाच बोंब मारा."

हसणारे हसतच होते. मी थप्पीवरून उतरलो नाही. पहिल्यापासून परत सांगायला लागलो.